आठ पाट्यांचा हट्ट

माझे दाजी काचा पोचवतात. खिडक्यांच्या, आरशांच्या, दुकानांच्या दर्शनी काचा. वीस वर्षांत एकही तडकली नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवतात. त्यांच्या जुन्या पिकअपच्या मागे काचांसाठी दोन गाद्या अंथरलेल्या असतात. पुढे ताई, म्हणजे माझी बहीण, बसायची त्या सीटचा स्पंज मात्र कधीच पार दबून गेलेला. खड्डा आला की तिचं डोकं टपाला लागायचं. तीन वर्षांपूर्वी ती भर रस्त्यात उतरली आणि म्हणाली, "काचेला गादी आणि मला पत्रा. आता काचेलाच शेजारी बसवा." तेव्हापासून ती बसने फिरते.

गाड्यांचं सस्पेन्शन दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण दाजी माझ्याकडे गाडी आणतील तर शपथ. मेहुण्यापुढे बॉनेट उघडायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. गाडी मागून खाली बसली की ते दुसरीकडे जाऊन मागच्या स्प्रिंगला आणखी एक पोलादी पट्टी, म्हणजे पाटा, वाढवून घ्यायचे. कंपनीने दिले होते पाच, दाजींनी केले आठ. जितके पाटे जास्त तितकी गाडी सुखाची, असा त्यांचा ठाम समज.

गेल्या महिन्यात मात्र ते स्वतःहून आले. गाडीला काही झालेलं नाही, सहज बघ, म्हणाले. मी मागच्या कोपऱ्यावर सगळं वजन टाकलं. गाडी तसूभर हलली नाही, जास्तीच्या पाट्यांनी स्प्रिंगचा दगड झाला होता. दाजींची छाती फुगली. मग मी पुढचा कोपरा दाबून सोडला, तर गाडी मान डोलवतच राहिली. धक्के जिरवणारे शॉकअप गळून रिकामे झाले होते. त्यांच्यावरचं तेल दाजी रोज सकाळी फडक्याने पुसायचे आणि गाडी स्वच्छ ठेवल्याचं समाधान मानायचे. पाट्यांचे रबरी बुश झिजून खडखडत होते, त्यावर त्यांचा इलाज म्हणजे रेडिओ मोठा करणं.

मी विचारलं, दाजी, ही गाडी आहे की पाट? एरवी ते तासभर भांडले असते. त्या दिवशी रिकाम्या सीटकडे बघत एवढंच म्हणाले, "तिला बसवता येईल असं कर." हा माणूस तीन वर्षं एकटा गाडी चालवून कंटाळला होता.

मी वाढीव पाटे काढले, शॉकअप आणि बुश नवे घातले, सीटमध्ये चांगला स्पंज भरला. ताईला कशीबशी तयार केली. एकच फेरी, तीही तुझ्यासाठी, असं मला बजावून ती चढली. कुठे खडखडतंय का ते ऐकायला मी मागे गाद्यांवर बसलो, केबिनची मागची खिडकी उघडी ठेवून.

वाईटातला वाईट रस्ता निवडला होता. पहिल्या खड्ड्याला ताईने हँडल घट्ट धरलं. पाचव्याला सोडलं. नंतर तिची मान सीटवर कलली. घर आलं तसे दाजी गाडी न थांबवता हळूच पुढे निघून गेले. फेरी मारून घर दुसऱ्यांदा आलं, तरी तेच. मागे माझे पाय आखडले होते, मी मांडी बदलून बसलो.

तिसऱ्यांदा घर आलं तेव्हा दाजींनी ब्रेकवर पाय ठेवला. ताईने डोळे न उघडता विचारलं, "का हो, डिझेल संपलं?"