डोमाजीचा शब्द

मी समोरून आलो की डोमाजी आधी थुंकायचा आणि मग म्हणायचा, "ढोर!" बाजारात, लग्नाच्या पंगतीत, देवळाच्या पारावर, कुठेही. लोक हसत. "पानकर, बुढ्यानं तुमचं बारसं केलं पाहा," असं मला चिडवत. मीही हसायचो.

पानकर म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, आधी सोडायचं, हे ठरवणारा माणूस. माझ्याआधी तो मान डोमाजीचा होता. तो त्याच्याकडून का गेला याची गावात एक गोष्ट सांगतात. ती खोटी आहे आणि ती मी रचलेली आहे.

डोमाजी गोड माणूस नव्हता. तलावाच्या पाळीवर काठी टेकून उभा राहिला की मालगुजाराच्या दिवाणजीलाही सोडायचा नाही. "तलाव तुया बापानं खोदला का बे?" हे त्याचं नेहमीचं बोलणं. पण पाणी मात्र तो डोळ्यात तेल घालून वाटायचा. उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायला ज्याच्या घरचं कोणी आलं नाही, त्याला पाणी शेवटी, हा जुना रिवाज त्याने कधी मोडला नाही.

त्या वर्षी आमच्या घरून कोणी मातीला गेलं नव्हतं. धान पोटरीत आलं आणि पाऊस गेला. बाबा पाणी मागायला गेले, तर डोमाजी साऱ्यांदेखत म्हणाला, "माती टाकाले नाई आला, पानी मांगाले आला? बस तिकडं. सर्वायच्या मांगून." बाबा खरंच बसले, पागोटं मांडीवर घेऊन. डोमाजीचं चुकलं नव्हतं. ते मला तेव्हाही कळत होतं, म्हणून राग जास्त आला.

तिसऱ्या दिवशी तुडुम अडलं. तुडुम म्हणजे तलावाच्या पोटातली दगडी मोरी. तिची लाकडी बुचं पाण्यात बुडी मारून काढावी लागत. डोमाजीने पाळीवरच्या देवाच्या दगडावर मोहाची दारू ओतली आणि ओले हात मिशांना पुसले. कमरेला दोर बांधला. बाकीचे लोक पाळीपलीकडे पाटाच्या तोंडाशी पाण्याची वाट पाहत होते. दोराचं टोक त्याने माझ्या हातात दिलं, कारण अंगात जोर माझ्या होता. म्हणाला, "हलला का वढ. इचार नको करू."

दोर हलला. मी विचार केला. पागोटं मांडीवर घेतलेले बाबा मला दिसले. म्हटलं, पिऊ दे थोडं पाणी. मग दुसऱ्यांदा हलला, तेव्हा ओढला. वर आला तो लाकडाच्या ओंडक्यासारखा जड आला.

माझी हाक ऐकून लोक धावले. त्याला पालथ्या रांजणावर पोटावर घालून लोळवलं. तोंडातून पाणी आलं, चिखल आला, मग श्वास आला. "काऊन झालं असं?" कोणीतरी मला विचारलं. मी म्हणालो, "दोर हललाच नाई. अन तोंडाले वास येऊन राहिला, पाहा." एकाने वाकून वास घेतला आणि मान हलवली. तेवढंच पुरलं. प्यायलेल्या पानकराला तुडुमाला हात लावू देत नसत. पंचांनी त्याची काठी माझ्या हातात दिली.

डोमाजी जगला, पण पुरता वर आलाच नाही. महिनाभर ताप होता. तो उतरला, तरी छातीतली शिट्टी राहिली. घरापासून विहिरीपर्यंत जायचं तर तो दोनदा बसायचा. पावसाळ्यात खोकून खोकून निळा पडायचा. बोटं अशी कापत की धोतराची गाठ बायको मारून द्यायची. शब्द तर गळूनच गेले. फावड्याला "ते, ते" म्हणायचा, नाही आठवलं की ताट भिरकावायचा. बायकोने, सेवंतेने, त्याला गाडीत घालून गोंदियाला नेलं. डॉक्टर म्हणाला, "पानी फेफड़े में गया, दिमाग को हवा नहीं मिली. जान बची, यही बहुत है." गाव म्हणालं, दारूने खाल्ला.

सेवंता लोकांच्या बांधीत रोवणीला जाऊ लागली. मी पानकर होतो. एका वर्षी त्यांच्या बांधीत मी सगळ्यांच्या आधी पाणी सोडलं. डोमाजी धापा टाकत आला आणि टाचेने आपल्याच बांधीचे धुरे, मातीचे बांध, फोडले. माझं पाणी वाहून जाईपर्यंत तो तिथून हलला नाही. मग माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडला. जड जीभ दातांवर आपटताना मी पाहिली. तो ढोर म्हणत नव्हता. दोर म्हणत होता. सगळे शब्द गेले होते, तेवढा एक त्याने धरून ठेवला होता.

त्यानंतरही लोक हसले की मी हसायचो.

शेवटच्या पावसाळ्यात त्याला आडवं होता येईना. पोत्यांना टेकवून बसवलेला असायचा. मी गेलो. सेवंता हळद कुटत होती. तिच्यासमोरच मी म्हणालो, "डोमाभाऊ, दोर हलला होता. मी वढला नाई. दोनदा हलला, तवा वढला."

सेवंतेचा हात थांबला. डोमाजी माझ्याकडे पाहत राहिला. छातीची शिट्टी वाजत होती. मग कापणारा हात वर करून त्याने बोटं दाखवली.

"तीन," तो म्हणाला. अगदी स्वच्छ.

आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

सेवंता उठली. "निंघ आता," ती म्हणाली. "अन मले कायले सांगून राहिला? पारावर जाऊन सांग."

मी पारावर गेलो नाही. त्याच आठवड्यात डोमाजी गेला. मी पुढेही काठी घेऊन पाळीवर उभा राहिलो, लोक मला पानकर म्हणत राहिले. सेवंताही आता नाही. मधला तो एक झटका मी स्वतःपासूनही लपवला होता, त्याने तो इतकी वर्षं मोजून ठेवला होता.

डोमाजी प्यायलेला नव्हता. दोर तीनदा हलला होता.