उपरण्याखालचं भाडं

आमचे मामा कुठलीही वस्तू आधी ठोकून बघत. कलिंगड आणि मडकं सगळेच ठोकतात. मामा बैलगाडीचं चाक ठोकत, दुकानातली छत्री ठोकत. माझ्या लग्नात सासरहून आलेली ट्रंकसुद्धा त्यांनी मांडवातच चारी बाजूंनी ठोकून पाहिली आणि व्याह्यांच्या तोंडावर सांगितलं, "पत्रा पातय हाये." कारंज्याच्या बाजारात त्यांना ठोकमामाच म्हणत. त्यांनाही ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

गावाला लागून त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची, कडेनं गवार. उजाडता उजाडता टोपल्या बाजारात पोचायच्या, आणि टोपल्यांबरोबर मामांचा स्वतःचा तराजू आणि स्वतःची वजनं. दुसऱ्याच्या तराजूत त्यांनी कधी भाजी घातली नाही. दलाल हसला की म्हणायचे, "तराजू तुया, वजनं तुयी, मंग मायं काय राह्यलं?" दलाल तरी माल घ्यायचाच, कारण माल चोख असायचा.

भाव ठरवायची त्यांची रीत गुरांच्या बाजारातली. दोघांनी उपरण्याखाली हात हातात घ्यायचा आणि न बोलता बोटं दाबून किंमत सांगायची, म्हणजे आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. बैलजोडीसाठी सगळेच असं करत. मामा मात्र मेथीच्या जुडीपासून न्हाव्याच्या मजुरीपर्यंत सगळं उपरण्याखालीच ठरवत. "तोंडानं मानूस कायबी बोलते," ते म्हणत. "हातात हात घेतला का समजते, त्याच्या पोटात काय हाये ते."

मामी अगदी उलट. दारात आलेल्या बोहारणीनं सांगावं आणि मामीनं मान डोलवावी. मामा रागवायचे, "कोनाचंबी कायले खरं मानतं तू?" मामी म्हणायची, "तुमी हाये नं इचारपूस कराले." असा त्यांचा संसार चालला होता, आणि चांगला चालला होता.

पण मामीला दिसेनासं होऊ लागलं. आधी संध्याकाळी चूल पेटवताना चाचपडायची, मग दिवेलागणीला घरातल्या घरात ठेचकाळायला लागली. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा लग्न होऊन मुंबईला परळच्या चाळीत राहत होते. मामा तिला घेऊन माझ्याकडे आले. कारंज्याहून मूर्तिजापूरपर्यंतच्या छोट्या गाडीत ते प्रत्येक स्टेशनावर उतरून इंजिन जागेवर आहे ना ते पाहून येत होते, असं मामीनं मला हसत हसत सांगितलं.

भायखळ्याच्या बाजूला एक मोठं इस्पितळ होतं. तिथल्या डॉक्टरांनी मामीचे डोळे पुष्कळ वेळ तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की डोळ्यांमागची नस वाळत चालली आहे, यावर शस्त्रक्रिया नाही, वर्षभरात दिवसाचंही दिसणं जाईल. मी हे मामांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. ते आत जाऊन कंपाउंडरला विचारून आले, मग नर्सबाईला, मग पुन्हा डॉक्टरांना. सगळ्यांनी एकच सांगितलं. मामा बाहेर येऊन बाकावर बसले आणि बराच वेळ उपरण्याचं टोक चुरगाळत राहिले.

मामीनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "अवो, डोये जाच्या आंदी मले समुद्र पाहू द्या. लय आयकलं हाये." तिनं लग्नापासून मामांकडे कधी काही मागितलं नव्हतं. मला रडू आलं. मामा ताडकन उठले. "चाला," म्हणाले. थंडीचे दिवस होते, ऊन लवकर उतरणार होतं, आणि ऊन गेलं की मामीला काहीच दिसणार नव्हतं. चौपाटीला अंधाराच्या आत पोचायला हवं होतं, एवढीच गोष्ट होती.

ट्राम समोरूनच जात होती. पण कंडक्टर आधी पैसे घेतो म्हटल्यावर मामांनी ती नाकारली. माल मिळाल्याशिवाय पैसे देणं त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मामा, मी देते." तर म्हणाले, "तुले तं हे लोक रोजच फसवत असतीन."

मग व्हिक्टोरिया आली. मामांनी चाक ठोकलं, घोड्याचे दात पाहिले आणि गाडीवानाचा हात धरून त्यावर उपरणं टाकलं. गाडीवान दचकला. "क्या दे रहे हो? चोरी का माल?" म्हणून त्यानं हात झटकला आणि चाबूक उडवून निघून गेला. मामा मला म्हणाले, "पाह्यलं? पोटात खोट हाये त्याच्या."

टॅक्सी थांबली तेव्हा मला हायसं वाटलं. टॅक्सीवाल्यानं दार उघडून धरलं. "बैठो बाबा, मीटर से जाएगा." मामांनी दार ठोकलं, टायर ठोकला, शेवटी मीटरवर टकटक केलं. "डब्बा तुया, त्यातले आकडे तुये," ते म्हणाले. "म्या कायच्या भरोशावर बसू?" आणि खिडकीतून त्याचा हात धरून वर उपरणं टाकलं. तो ओरडायला लागला, चार माणसं जमली, नाक्यावरचा शिपाई आला. आपल्या बोटात अंगठी नाही, तरी हा म्हातारा आपली बोटं काय चाचपतो, असं तो टॅक्सीवाला शिपायाला सांगत होता. मी हात जोडून दोघांची समजूत घातली. टॅक्सी गेली. असं आणखी एकदा झालं.

मामी एका दुकानाच्या पायरीवर बसली होती. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर अजून ऊन होतं, पलीकडच्या दुकानाची पाटी मला स्वच्छ वाचता येत होती. मामीनं माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, "सांज झाली का वं पोरी?"

मामांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि समोरून येणारी टॅक्सी त्यांनी दोन्ही हात पसरून अडवली. ना दार ठोकलं, ना भाव विचारला. मामीला धरून आत बसवलं. "समुद्रावर चाल बापा. घे तुले काय घ्याचं ते." आता टॅक्सीवाल्यालाच संशय आला. खेडुताजवळ पैसे असतील की नाही म्हणून तो गाडी सुरूच करेना. मामांनी कमरेला बांधलेला पैशांचा कसा सोडला आणि आख्खाच्या आख्खा त्याच्या मांडीवर ठेवला. ज्या कशाला मामीनंही कधी हात लावला नव्हता, तो. "लवकर चाल," एवढंच म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. पाण्यावर तांबूस उजेड होता, मला लाटा दिसत होत्या, लांबची शिडं दिसत होती. टॅक्सीवाल्यानं आपले पैसे घेऊन कसा परत दिला. मामांनी तो न मोजता खोचला आणि मामीला हाताला धरून वाळूत नेलं. मामीची मान रस्त्यावरच्या दिव्यांकडे वळली होती. मी हलकेच तिचे खांदे धरून तिला पाण्याकडे वळवलं. लाट येऊन तिची पावलं भिजली. मामांनी विचारलं, "दिसलं का?"

"दिसलं नं," मामी म्हणाली. "केवढं पानी हाये वो. काठच नाई त्याले."

पुढं मामीची नजर पूर्ण गेली. तरी मळ्यात तण निंदायला आलेल्या बायांना ती समुद्र रंगवून सांगायची. निळं पाणी, पांढरी शिडं, उन्हात चमकणाऱ्या लाटा. मामा जवळच जुड्या बांधत बसलेले असायचे. साऱ्या जगाची उलटतपासणी करणारा माणूस, पण तिथं त्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

मामी गेल्यावर मी कारंज्याला गेले होते. मामा वांग्यांना पाणी देत होते. फावड्यानं पाटाची दारं मोडून एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवत राहिले, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी तुयी मामी कोनीकडे पाहून राह्यली व्हती?"

"समुद्राकडेच, मामा," मी म्हटलं. "सगळं दिसलं तिला."

मामांनी फावडं बांधावर टेकवलं.

"मले ठाव हाये दिव्याकडे पाहून राह्यली व्हती ते," ते म्हणाले. "पन तिनं सांगतलं का दिसलं, मंग म्या मानलं."