गाठ मारलेली पिशवी

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो. रविवारची सुट्टी ज्येष्ठांकडे गेली आणि माझ्या वाट्याला बुधवार आला. महिनाभर कुरकुर केली. मग लक्षात आलं, की बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, बाजार भरतो आणि ऑफिसातल्या इतर कुणालाही तो निवांत बघायला मिळत नाही.

नऊच्या सुमारास स्कूटर पंचवटीच्या बाजूला लावून मी खाली उतरायचो. पहिला थांबा ठरलेला होता. दिंडोरीकडच्या एका गावातून जीपने येणारी पन्नाशीची बाई घाटाच्या पायऱ्यांजवळ गोणपाट अंथरून लिंबं, मिरच्या, आलं, लसूण विकायची. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला पेपरवाले. माझी मोठी कापडी पिशवी तिच्या पाठीमागे ठेवायची आणि मोकळ्या हातांनी बाजारात शिरायचं. दोन-तीन वस्तू झाल्या की परत येऊन पिशवीत टाकायच्या आणि पुन्हा निघायचं.

बाजाराची सगळी मजा त्या मोकळ्या हातांत होती. ओझं असलेला माणूस पहिली दिसेल ती मेथी उचलतो. मी चार ठिकाणची मेथी चाळून पाचव्या ठिकाणी घ्यायचो. गुळाचा खडा तोंडात घोळवायचो, सुरगाण्याहून आलेली नागली, म्हणजे नाचणी, मुठीत घेऊन तशीच खाली सोडायचो. कुणी हटकत नसे.

मावशीलाही माझा उपयोग होता. चहाला जायचं झालं की ती म्हणायची, "पेपरवाले, बसा जरा." पैशांचा बटवा गोणपाटाखाली तसाच ठेवून जायची. मी लिंबं विकायचो. परत आल्यावर विचारायची, "किती जणांना फुकट वाटली?"

असं चार वर्षं चाललं.

एका दिवाळीच्या आधीच्या बुधवारी मी अर्धा किलो काजू घेतले. घरी पिशवी रिकामी केली तेव्हा तीत काजू नव्हते. बायकोने भाजी बाजूला करून पुन्हा पाहिलं. मग तिने विचारलं, "पिशवी मावशीकडेच होती ना?"

होती. दुसरीकडे कुठेही नव्हती. फसवणुकीचं वाईट वाटलं आणि काजूंपेक्षा त्या चार वर्षांचं जास्त वाटलं. पिशवीतून याआधी काय काय गेलं असेल, याची मी मनात उजळणी केली. एरवी दुसरी बाजू विचारल्याशिवाय मी साधी पाणीटंचाईची बातमी देत नसे. मावशीला मात्र मी काहीही विचारलं नाही.

पुढच्या बुधवारी पहिली भाजी टाकून झाल्यावर मी पिशवीचे दोन्ही बंद एकत्र घेतले आणि सुतळीने गाठ मारली. मावशीने पिशवी उचलली. तिचं बोट गाठीवर थांबलं.

"आज गाठ?"

"भाजी सांडते."

"इतक्या दिसांत कधी सांडली व्हती?"

मी उरलेली सुतळी खिशात घातली. तिने पिशवी पाठीमागे ठेवली नाही. पुढे, लिंबांच्या ढिगाशेजारी ठेवली. "हितं ऱ्हाऊ द्या. सगळ्यांना दिसंल."

असे पाच बुधवार गेले. सहाव्याच्या आदल्या दिवशी एका चौकात वाहतूक हवालदाराने मला थांबवलं आणि स्कूटरची कागदपत्रं मागितली. मी डिकी उघडली. कागदांवर खाकी पुडा होता. भाज्यांच्या ओलीने काजू मऊ पडतील म्हणून मीच तो तिथे ठेवला होता आणि विसरलो होतो.

"साहेब, कागदं मागितली मी," हवालदार म्हणाला. "काजू नाय."

दुसऱ्या दिवशी मी पुडा घेऊनच घाटावर गेलो. "मावशी, काजू सापडले," मी म्हणालो. "माझ्याच डिकीत होते."

"कसले काजू?"

तिला काजूंचं काहीच माहीत नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. गाठ का, हे तिने पहिल्या दिवसानंतर पुन्हा विचारलं नव्हतं आणि मी खरं कारण सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगावं लागलं. माफी मागायला गेलेलो मी, तिच्यावरचा आरोप तिला प्रथमच वाचून दाखवत होतो.

शेजारची कांदेवाली हसली. "अगं बया, पाच बुधवार तू काजू खाऊन बसली व्हती का काय!"

मावशी हसली नाही. मी पुडा पुढे केला. तिने तो घेतला नाही. मी भाजी आणून पिशवीत टाकली आणि पिशवी तशीच उघडी तिच्याकडे दिली.

"गाठ मारा."

"आता नको, मावशी."

"मारा. सुटी पिशवी मी ठेवून घेणार नाय. उद्या काय कमी झालं तर मी कोणाला सांगू?"

मी गाठ मारली. त्यानंतर दर बुधवारी मारत राहिलो. निघताना ती म्हणायची, "उघडून बघा." मी नको म्हटलं तरी गिऱ्हाइकांसमोर पिशवी माझ्याकडे सरकवून थांबायची. मी उघडायचो, बघायचो. लिंबं पूर्वीसारखीच निवडून द्यायची. पेपरवाले म्हणणं बंद झालं. "साहेब" झालं. चहाला जाताना ती ढीग कांदेवालीवर सोपवायची.

दोन हजार सालानंतर माझी सुट्टी बदलली, तरी जमेल त्या बुधवारी मी जात राहिलो. अशाच एका बुधवारी कांदेवाली आलेली नव्हती. मावशीचे गुडघे दुखत होते, तांब्या रिकामा होता. ती इकडेतिकडे बघत राहिली. शेवटी माझ्याकडे पाहिलं. गोणपाट उचललं, खालचा बटवा काढला, कमरेला खोचला, वरून पदर घट्ट आवळून घेतला.

"बसा जरा," ती म्हणाली आणि पाण्याला गेली.

मी गोणपाटावर बसलो. एका बाईने विचारलं, लिंबं आजची आहेत का. मला माहीत नव्हतं. मावशी येईपर्यंत थांबा, असं मी तिला सांगितलं.