सिस्टरच्या पोटातलं पाणी

आमच्या नर्सिंग हॉस्टेलात मांजर पाळायला बंदी होती. म्हणून आम्ही ती पाळली नव्हती. तीच येऊन राहिली होती. सकाळी सगळ्या खाटांखालून राउंड घ्यायची, रुबाब असा की आम्ही तिला सिस्टरच म्हणायचो. दुष्काळाचं साल. बीडात टँकर आला की हंडे-बादल्यांची नुसती झुंबड. पण वॉर्डातून वैतागून आलं आणि ती मांडीवर येऊन बसली की जीव थंड व्हायचा. खरंच सांगते, औषध होतं ते.

माझ्या खोलीतली मैत्रीण वडवणीकडची. तिला सिस्टर कुशीत असल्याशिवाय झोप यायची नाही. वॉर्डात एक म्हातारी होती, पोटात पाणी होऊन फुगलेली. ही तिला रोज भरवायची, वेणी घालायची. म्हातारी गेली. तेव्हापासून ही ना रडली, ना धड जेवली. आणि तशात सिस्टरचं पोट फुगायला लागलं.

"हिच्याबी पोटात पाणी झालंय," ती म्हणाली.

मी मोठी शहाणी! टेप आणून घेर मोजला, पोटावर बोटं वाजवून बघितली आणि गंभीरपणे मान हलवली. दोघीही गाई-म्हशींच्या घरातल्या, पण नवं शिकलेलं डोक्यावर बसलं की आयुष्यभर बघितलेलं विसरतं माणूस.

तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, मला न्यायला या. मला न्हाई व्हायचं नर्स. आता हिला मरताना बघायचं न्हाई मला."

"येडी हाईस का गं?" मी लई भांडले. पण ती ट्रंक भरायला लागली.

दुपारी तिचे वडील आले. गावच्या दूध सोसायटीत दूध मापून घ्यायचे ते. चाऱ्यावाचून दूध आटलं, सोसायटीला कुलूप लागलं, तेव्हापासून जनावरं घेऊन छावणीवरच मुक्काम. बाप्यांना आत बंदी, म्हणून व्हरांड्यातच थांबले.

ट्रंक आणायला ती आत आली आणि किंचाळलीच. उघड्या ट्रंकेत, तिच्या इस्त्रीच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर, सिस्टर बाळंत होत होती! एक पिल्लू, मग दुसरं.

"अगं बाई, हे पाणी होय!" मी कपाळावर हात मारला.

तिसरं मात्र निपचित. सिस्टर त्याला चाटेना. मी नुसती बघत राहिले. हिने ते उचललं, तोंडातला चिकटा बोटाने काढला, घरी वासराला चोळतात तसं टॉवेलने चोळायला लागली. "रड की रे, रड!" आणि ते रडलं. एवढंसंच, पण रडलं. तशी हीपण रडली, हमसून हमसून, म्हातारीचं राहिलेलं सगळं. मला इतकं हायसं वाटलं की मी हसतही होते नि रडतही होते.

बाहेरून वडील घाबरून हाका मारत होते. ती तशाच बरबटल्या हातांनी दारात गेली.

"बाबा, तुमी जा," ती म्हणाली. "मला सांजची ड्युटी हाय."