काकांची पिकअप आणि खडूची ओळ

लिमये काकांच्या लेकीचा, माधवीताईंचा फोन आला तेव्हा मी शहाडच्या गॅरेजमध्ये एका टेम्पोचा दरवाजा ठोकत होतो. "गजानन, बाबा गेले. सकाळी आंघोळीला पाणी काढलं आणि तिथेच..." मी नुसतं "हो ताई, हो ताई" म्हणत राहिलो, जसं काही त्या मला काम सांगतायत. फोन ठेवला आणि हातातला हातोडा कुठे ठेवायचा तेच सुचेना. तसाच कोपरला त्यांच्या घरी पोचलो, तर लिमये काकांना अंगणात आणलेलं. मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची पिकअप ताडपत्रीखाली उभी होती. पाच वर्षं आम्ही दोघं त्या गाडीवर खपलो, पण ती रस्त्यावर एक दिवस धावली नाही. त्याचं कारण मी आहे, आणि हे मी काकांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. कोणाच्या माघारी असं छापून आणावं की नाही, ते मला कळत नाही. माधवीताई म्हणाल्या, लिही. म्हणून लिहितोय.

मी वाशीमकडचा. सातवीत शाळा सोडली, मामाच्या ओळखीने इकडे आलो आणि डेंटिंग शिकलो. म्हणजे चेपलेला पत्रा सरळ करायचा, गंजलेला कापून नवा जोडायचा. काका एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले. एक दिवस गॅरेजच्या दारात उभे राहून विचारतात, "रविवारी घरी येऊन आमच्या गाडीचं काम कराल का?" कराल का! मी मागे वळून पाहिलं, हे कोणाशी बोलतायत म्हणून. माझ्या आयुष्यात मला अहो म्हणणारा तो पहिला माणूस. परक्या गावात एवढंसं सुद्धा पुरतं हो. त्यानंतर रविवारचं जेवण मी खोलीवर कधी केलंच नाही.

गाडी त्यांच्या वडिलांची. कल्याणला त्यांचा गोटी सोड्याचा कारखाना होता, त्या बाटल्यांची खोकी वाहायला घेतलेली. तोंड जीपसारखं, मागे उघडा हौदा. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हौद्याच्या तळातून जमीन दिसत होती. मी म्हणालो, "काका, ही भंगारात पण कोणी घेणार नाही." घरातून काकूंचा आवाज आला, "मी पण तेच सांगते. पण ह्यांना जुन्या वस्तू टाकवत नाहीत, म्हणून तर मी टिकले." काकूंची डावी बाजू झटक्याने गेलेली. रिक्षाची पायरी त्यांना चढता येत नसे. दोघांनी काखेत हात घालून उचललं की चिडायच्या, "पोतं आहे का मी?" काकांच्या डोक्यात सगळं त्यावरूनच आलेलं. त्यांनी कागदावर एक सीट काढली होती. दार उघडलं की ती बाहेर वळायची, खाली यायची, काकू बसल्या की दांडा ओढून पुन्हा वर, आत. लग्न झाल्यावर काकू टिटवाळ्याहून ह्याच गाडीत बसून सासरी आल्या होत्या, मागे सोड्याची खोकी. "तेव्हाही मला मालाबरोबरच आणलं," असं त्या म्हणायच्या. आता काकांना एकच करायचं होतं. गाडी पास करून घ्यायची आणि काकूंना तिच्यातून एकदा टिटवाळ्याला माहेरी न्यायचं. तिथे त्यांचा म्हातारा भाऊ होता, तोही घराबाहेर पडत नव्हता.

काकांची कामाची एक रीत होती. कुठलाही पत्रा कापायच्या आधी ते खडूने त्यावर लिहायचे. माप, कुठून कुठपर्यंत, काय ठेवायचं, काय काढायचं. अक्षर असं की फरशी बसवल्यासारखं. मग म्हणायचे, "वाचा." मी मोठ्याने वाचायचं आणि मगच कापायचं. मला वाचता येतं, पण हळू येतं, ओठ हलतात. गॅरेजमध्ये पोरं हसायची, "गजाभाऊची पोथी लागली बघ." काका हसले नाहीत. माझं वाचून होईपर्यंत ते हातातल्या टेपकडे बघत राहायचे, जसं काही तिथे काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय. हळूहळू माझा वेग वाढला. बिलं, पाट्या, पेपर... आज हे लिहितोय ते त्याच रविवारांमुळे.

अशी तीन वर्षं गेली. एका रविवारी काका काकूंना घेऊन ठाण्याला डॉक्टरांकडे गेले होते. चावी शेजारी ठेवलेली. मी एकटाच. म्हटलं, ते यायच्या आत पुढची चॅसी साफ करून ठेवू, खूश होतील. चॅसी म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यावर गाडी उभी असते तो. उजव्या बाजूला जुन्या रंगाचा आणि ग्रीसचा जाड काळा थर, आणि त्यावर खडूने लिहिलेली एक ओळ. चार-पाच शब्द. मी ती पाहिली. हे मला नीट लिहायला हवं... मी ती ओळ पाहिली. पण "वाचा" म्हणायला कोणी नव्हतं आणि मापाचे आकडे काही दिसत नव्हते, तर मला वाटलं, पुढच्या रविवारच्या कामाचं काहीतरी असेल, मागाहून वाचू. ग्राइंडर लावला. आधी पांढरी धूळ उडाली, मग काळी. संध्याकाळपर्यंत लोखंड ताटासारखं चकचकीत.

काका आले. काकूंना आत बसवून थेट शेडमध्ये. वाकून पाहिलं, त्या जागेवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. म्हणाले, "गजानन, इथे नंबर होता."

चॅसीवर कारखान्यात ठोकलेला नंबर असतो. गाडी पास करायला साहेब येतो, त्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतो, आकडे उमटतात, ते कागदपत्रांशी जुळवतो. तो नंबर नसेल तर गाडी कोणाचीच नसते. मी गॅरेजमधला माणूस, मला हे माहीत होतं. फक्त ह्या गाडीचा नंबर त्या थराखाली आहे हे माहीत नव्हतं. काकांनी तो शोधून काढला होता, म्हणूनच तर लिहून ठेवलं होतं.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मी खडूने लिहिलं होतं, इथे नंबर आहे, घासू नये म्हणून. दमट हवेनं पुसलं गेलं वाटतं. रंगानं लिहायला हवं होतं. चूक माझीच."

मी म्हणालो, "असेल काका."

एवढंच. मला भीती वाटली. उद्यापासून येऊ नको म्हणाले तर, अहो म्हणायचे थांबले तर... एक शब्द बोललो असतो तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी तेव्हापासून रोज करतो.

मग ठाण्याच्या आरटीओ ऑफिसात काकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. अर्जावर अर्ज. कोणी वाईट वागलं नाही, पण नंबर नाही तर नाही. तरी काम थांबलं नाही. हौद्याला सागवानी फळ्या लागल्या, गडद हिरवा रंग झाला, सीट तर अशी बसली की काकू एका हाताने वळवायच्या. येईल त्या पाहुण्याला काका गाडी दाखवायचे आणि शेवटी सांगायचे, "माझ्या हलगर्जीपणामुळे राहिली हो. खडूनं लिहिलं मी." मी पाना पुसत उभा. संध्याकाळी काकूंना सीटवर घ्यायचे, स्वतः स्टिअरिंगवर बसायचे, शेडमध्येच इंजिन चालू. काकू विचारायच्या, "टिटवाळा आलं का?" काका म्हणायचे, "अगं, अजून शहाडच आहे." दोघं हसायचे. मला हसता येत नसे. एका उन्हाळ्यात काकूंचा भाऊ गेला. त्यानंतर त्या सीटवर बसल्या नाहीत.

तेराव्याला पानं उठल्यावर मी काकूंजवळ जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. ओळ पाहिली होती, वाचली नाही. वाटलं होतं, त्या रडतील किंवा हाकलतील. त्या अडखळत म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, गजानन? त्यांना सांगायचं होतंस. दोन वर्षं तो माणूस खडूला दोष देत बसला." आणि थोड्या वेळाने, "जेवलास का?"

घर आता पाडायला जाणार आहे, नवी इमारत होईल. काकू ठाण्याला लेकीकडे गेल्या. शेजाऱ्यांनी नुकत्याच घातलेल्या भिंतीमुळे गाडी अख्खी बाहेर काढायला वाटच उरली नव्हती. माधवीताई म्हणाल्या, "दुसऱ्या कोणी हात लावलेला आईला चालणार नाही." दोन रविवार लागले. मीच कापली. सागवानी फळ्या तेवढ्या अख्ख्या निघाल्या.

मग गाडीचं नाव रेकॉर्डवरून कमी करायला मी आणि माधवीताई ठाण्याच्या त्याच ऑफिसात गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "चॅसीचा नंबर असलेला तुकडा कापून आणा. त्याशिवाय गाडी कमी होत नाही." रांगेत मागे सात-आठ माणसं. मी म्हणालो, "साहेब, नंबर मी घासला. मालकांनी वर लिहून ठेवलं होतं, मी वाचलं नाही."

"मग तसं लिहून द्या."

"मी लिहू का?" ताईंनी विचारलं. मी नको म्हणालो. बाकड्यावर बसून लिहिलं. अर्धं पान व्हायला पाऊण तास गेला. 'चूक मालकांची नव्हती' हे वाक्य दोनदा लिहिलं गेलं, ते तसंच ठेवलं. साहेबांनी फाईल काढली. त्यात वर काकांचा अर्ज होता, त्या फरशी बसवल्यासारख्या अक्षरात... 'माझ्या निष्काळजीपणामुळे'. माझा कागद त्यांनी त्याच्यावर ठेवला आणि दोन्हींमधून दोरी ओवली.

मी विचारलं, "ह्याने काही होईल का?"

"सांगता येत नाही," असं म्हणून त्यांनी फाईल बांधली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.