दोनशे बारावा नंबर

अरे शहाण्या, तुला तू कधी दिसत नाहीस, म्हणून तुझीच गोष्ट परक्या माणसाची असल्यासारखी सांगते. फोन ठेवू नकोस, आणि मधे बोलू नकोस.

तर, उंची गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये एक माणूस होता. एखाद्या गाडीत दोष निघाला आणि कंपनीने रिकॉल काढला की मालकांना फोन करायचे, सुटे भाग येतील तसं एकेकाला बोलवायचं, हे त्याचं काम. काचेची केबिन, एक फोन, भिंतीवर यादी. पूर्वी साहेबांच्या ओळखीचे लोक मधेच घुसायचे. यानेच भांडून नियम करून घेतला: वशिला बंद. नंबर कुणाशी बदलायचा असेल तर मालकाच्या सहीची चिठ्ठी हवी, आणि ती यानेच घ्यायची.

त्याच्या मुलीने छोटी, आलिशान एसयूव्ही जुन्यात घेतली ती याच्याच शब्दावर. "सुरक्षेला पाच तारे आहेत. डोळे मिटून घे." वर्षभरात रिकॉल आला. एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात म्हणे! पत्र गेलं पहिल्या मालकाकडे, त्याने ते रद्दीत टाकलं. पोरीची गाडी यादीत येईपर्यंत नंबर लागला दोनशे बारा. भाग यायचे महिन्याला नऊ.

"बाबा, आता तारे किती उरले?"

"तारे तेवढेच राहतात. ते चाचणीच्या दिवसाचे असतात."

"वा! मग चालवू?"

"हात लावायचा नाही गाडीला."

"आणि ऑफिसला काय उडत जाऊ?"

तेव्हापासून रोज सकाळी हाच तिला सोडू लागला, स्वतःच्या वीस वर्षांच्या डब्यातून. त्यात एअरबॅगच नाही, तर फुटणार कुठली? पण समोरून ट्रक आला की हा गाडी पार कडेला घ्यायचा. चाळीसच्या वर काटा नाही. सायकलवाले मागे वळून बघायचे.

"ह्या डब्याला किती तारे, बाबा?"

"पट्टा लाव आणि गप्प बस."

मग दिवसभर काचेआड फोन. "शक्यतो गाडी चालवू नका." पलीकडून कुणी विचारायचं, "तुमच्या घरची असती तर काय केलं असतंत?" आणि हा यादीतला पुढचा नंबर फिरवायचा.

याच्या थोरल्या बहिणीकडेही तीच गाडी, नंबर सत्तावीस. ती म्हणाली, "माझा नंबर पोरीला दे, तिचा मला. मला वाचनालयापलीकडे जायचंय कुठे? चिठ्ठी लिहून ठेवलीय, घेऊन जा."

"ताई, चिठ्ठी घेणार मी, आणि वर चढणार माझीच मुलगी? लोक काय म्हणतील?"

"मागे कोण जातंय, मूर्खा? मी एकटी!"

एका रविवारी तो आला. चहा प्यायला, बहिणीच्या गाडीच्या टायरमधली हवा बघितली, आणि चिठ्ठीचा विषय न काढता गेला.

तिसऱ्या महिन्यात बहिणीला त्याचा सरकारी आवाजात फोन. "नमस्कार, आपला भाग आला आहे. महिनाभर राखून ठेवू, मग पुढच्या नंबरला देऊ."

"चिठ्ठी न्यायला ये," म्हणून तिने फोन आपटला. त्याने वहीत लिहिलं, 'ग्राहक आल्या नाहीत', आणि भाग कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आज त्या मुदतीचा शेवटचा दिवस. सकाळी नेहमीसारखा डबा चाळीसने तिच्या खिडकीखालून गेला, पोर शेजारी बसलेली. तो थांबला नाही. वर्कशॉप सहाला बंद होतं. आता पावणेसहा झालेत, आणि चिठ्ठी अजून माझ्या चष्म्याच्या डबीखालीच आहे.