हवा कायले देतं?

दरेकशाच्या जंगलात एक कोळसेवाला भट्टी लावे. लाकडाच्या ढिगावर माती लिंपून दिवसभर भोवती फिरे, अन् जिथं जाळ डोकावला तिथं चिखलाची थाप मारे. म्हणे, "आत हवा शिरली का कोळसा नाही, राख होते." माणसाशी कमी, ढिगाशीच जास्त बोले, "झोप, माय, झोप."

मी त्याच्याकडे लाकडं तोडाले होतो. एकदा बिडीची ठिणगी पडून माझं धोतर पेटलं. डोकं देवानं मले दिलंच नाही, मी पळत सुटलो. जितका पळलो तितका जाळ वाढला.

"थांब गा! हवा कायले देऊन राहिला?" तो मागून ओरडला. मले चिखलात पाडलं, दोन्ही हातांनी भट्टीसारखं लिंपलं, अन् माझ्या अंगावर बसला.

"विझलं ना! उठ आता!" मी बोंबललो.

"आत धग राह्यते. झोप, माय."

दुसऱ्या दिवशी त्याले बिडी द्याले गेलो, तर त्याच्याच्यानं धरवेना. तळहातांवर हे एवढाले फोड.

"काल सांगितलं काऊन नाही?"

"तू पुन्हा पळाला असता."